प्रश्न कोणत्या बोलीत विचारला?

तीन वर्षांपूर्वी, संक्रांत नुकतीच उलटलेली असताना, थाटीपुरातल्या आमच्या घरी एक विद्यार्थिनी आली. ग्वाल्हेरच्या महाराष्ट्रीय कुटुंबांतील संगीतशिक्षण या विषयावर ती प्रबंध लिहीत होती. मुलगी बाहेरगावची, हिंदीभाषी, बोलायला मोठी आर्जवी. लश्करातली जुनी मराठी घरे तिने आधी पालथी घातली होती, आणि कोणीतरी तिला सांगितले होते की, त्यांच्यापैकी एक बिऱ्हाड आता मुरारच्या वाटेवर, थाटीपुरात असते. म्हणून दोनदा टेम्पो बदलून, थंडीत कुडकुडत ती येथवर पोहोचली होती. हाती छापील प्रश्नावली. प्रश्न एकंदर २२.

माझे वडील दरबारच्या अखेरच्या वर्षांत, विशीच्या आतच, गायकांच्या पटावर होते. ते आता नाहीत. त्यामुळे प्रश्न विचारावयाचे ते त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला. तिचे वय त्या वेळी ८६. कान शाबूत, स्मरण लखलखीत, लुगडे नऊवारी. मुलीने वाकून नमस्कार केला आणि मोबाईल मधे ठेवून विचारले, "बुआजी, क्या आपने संगीत की शिक्षा ली थी?"

आत्या पदर सावरून ताठ बसली. म्हणाली, "नहीं बेटी. हमारे यहाँ लड़कियाँ गाना नहीं सीखती थीं."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी चहा गाळीत होतो. मान डोलावून मीही म्हणालो, "उस ज़माने में ऐसा ही था." तिने लिहून घेतले. एका साक्षीला दुसऱ्या साक्षीचा दुजोरा मिळाला, आणि तो प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या परात पुढे घेऊन मेथी निवडीत होती. मी पेपर वाचीत होतो. एकाएकी ती हसू लागली. "काय रे, काल त्या पोरीने मला बुवा केलं की!"

हिंदीत आत्याला बुआ म्हणतात, आणि आपल्याकडे बुवा म्हणजे गवई, कीर्तनकार. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा विनोद जुना आहे. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. "आणि म्हणे, शिक्षा घेतली का? शिक्षा दादाला झाली. सम चुकली की अण्णांची चापट बसायची. मला कुठली शिक्षा? मी आपली माजघरात, दाराआड."

"दाराआड काय करत होतीस?" मी विचारले.

"ऐकत होते. दुसरं काय करणार?"

आणि मेथीची जुडी खाली ठेवून तिने परातीच्या काठावर बोटाने ठेका धरला. सोळा मात्रांचा विलंबित तिलवाडा. त्यावर बिहागातला एक ख्याल ती गाऊ लागली. आवाज कापरा होता, दम पुरत नव्हता. परंतु अस्ताई संपताच श्वासापुरती थांबून तिने लगोलग अंतरा घेतला, आणि मगच विस्ताराला हात घातला. ज्यांनी आमच्या गावचे गाणे ऐकले आहे, त्यांना यातले मर्म सांगावयास नको. अस्ताई-अंतरा मिळून चीज पुरती मांडावयाची आणि मग आलापीस लागावयाचे, ही ग्वाल्हेरची रीत. ही रीत ऐकीव गुणगुणण्यातून अंगी येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे तालमीजवळ बसावे लागते. आत्या बसली होती. फक्त मधे एक दार होते.

मी चकित झालो असे म्हणणे पुरेसे नाही. मी ओशाळलो. ज्या घरात मी वाढलो, ज्या विद्येवर माझा चरितार्थ चालतो, त्या घरातली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती; आणि आदल्या दिवशी मी तिच्याविरुद्ध साक्ष देऊन बसलो होतो.

आता विचार केला पाहिजे तो असा. आत्या खोटे बोलली होती काय? मुळीच नाही. तिला गंडा कोणी बांधला नव्हता, पुढे बसवून कोणी सा लावून घेतला नव्हता. 'शिक्षा ली थी क्या' याचे खरे उत्तर 'नहीं' हेच होते. प्रश्न चुकीचा, उत्तर खरे, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष साफ खोटा. शिवाय प्रश्न हिंदीत होता, आणि हिंदी ही आत्याची बाजारची, दवाखान्याची, परक्या पाहुण्याची भाषा. त्या भाषेत ती नेहमी घराच्या वतीने बोले. स्वतःच्या वतीने बोलावयाचे तर ते मराठीत, मेथी निवडताना.

विद्यापीठांत अशा कामाला हल्ली गुणात्मक संशोधन म्हणतात. नाव नवे वाटले तरी गोष्ट सोपी आहे. किती घरांत तंबोरा आहे याची मोजदाद करावयाची ती एक रीत. आणि त्या घरात तंबोरा कोण, केव्हा, कशासाठी छेडीत असे, हे माणसांत बसून, विचारून, पाहून, ऐकून समजून घ्यावयाचे ही दुसरी. या दुसऱ्या रीतीत फूटपट्टी नसते. विचारणारा माणूस हीच फूटपट्टी. तेव्हा तो कोण आहे, कोणत्या भाषेत बोलतो, कोठे बसतो, यावर पुष्कळसे अवलंबून राहते. आणि जेथे घरची भाषा एक, रस्त्याची दुसरी, चिजांची तिसरी आणि प्रबंधाची चौथी, तेथे तर विचारूच नका. आमच्या घरात गाणे मराठीत शिकवले जाई, चिजा ब्रजात असत, उस्तादांची अदब उर्दूत, आणि आता त्यावरील प्रबंध हिंदीत किंवा इंग्रजीत होतात. प्रत्येक उंबरठ्यावर एखादा शब्द वेश बदलतो. आमच्याकडचे जुने लोक 'अस्ताई' म्हणत. पुस्तकात तिची 'स्थायी' झाली. आमची 'तालीम' प्रश्नावलीत शिरताना 'शिक्षा' झाली, आणि त्या एका शब्दापायी आत्या दाराबाहेर राहिली.

दाराआडून ऐकण्याची गोष्ट तशी ग्वाल्हेरला नवी नाही. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंची आख्यायिका आपल्या घराघरांत सांगितली जाते. बडे महंमद खाँ यांच्या तानबाजीचा त्या काळी मोठा दबदबा होता. शिंदे महाराजांनी या दोघा भावांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचे गाणे ऐकण्याची सोय करून दिली. त्यांनी ते कानांनी टिपले, रियाजाने गळ्यावर चढवले, आणि एके दिवशी दरबारात म्हणून दाखवले. खाँसाहेब संतापले. पुढे त्याच वैरातून हस्सू खाँवर एका अवघड तानेचा प्रसंग आला आणि त्यात त्यांचा अंत झाला, असेही सांगतात. आख्यायिकेतले खरेखोटे बाजूला ठेवू. ज्याला आपण ग्वाल्हेरची गायकी म्हणून मिरवतो, तिच्या मुळाशी, आपल्याच सांगण्याप्रमाणे, एक पडदा आहे आणि न विचारता घेतलेली विद्या आहे. ऐकणाऱ्याने ज्याचे ऐकले त्याची संमती घेतली होती काय, हा प्रश्न आजचे संशोधक विचारतात. खाँसाहेबांनी तो दोनशे वर्षांपूर्वीच विचारला होता, एवढेच.

तथापि संगीताच्या क्षेत्रात माणसांना भेटून, विचारून, नोंदी ठेवून संशोधन करण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा. जन्म १८६०, मुंबईत वाळकेश्वरी. पेशाने वकील. १९०४ साली ते दक्षिणेत हिंडले. एट्टयपुरमला जाऊन सुब्बराम दीक्षितांना भेटले. मराठीवर भागण्याजोगा तो मुलूख नव्हता. पुढे उत्तरेच्या नि पूर्वेच्या यात्रा झाल्या. जेथे जावे तेथे ग्रंथसंग्रह पाहावे, गवयांना गाठावे, प्रश्न विचारावे, आणि रात्री सगळा संवाद रोजनिशीत उतरवावा, असा त्यांचा क्रम. 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'चे चार भाग त्यांनी १९१० ते १९३२ या काळात मराठीत लिहिले, तेही गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने. प्रश्न विचारणे हा त्यांच्या विद्येचा कणाच होता म्हणा ना.

परंतु याच भातखंड्यांच्या विचारण्याच्या दोन तऱ्हा दिसतात, आणि दोहोंचे फळ वेगवेगळे आहे. पहिली तऱ्हा वकिलाची. समोर उस्ताद, आणि प्रश्न असा की, तुमच्या रागाला ग्रंथाधार कोणता? श्रुती किती नि कोणत्या? उस्ताद गप्प बसे, किंवा काहीतरी सांगून वेळ मारून नेई. आणि रोजनिशीत शेरा पडे की, यांना शास्त्र ठाऊक नाही. अलाहाबादचे सरोदिये करामतुल्ला खाँ तर स्वतः उर्दूत संगीतावर ग्रंथ लिहिणारे. त्यांच्याशीही असाच खटका उडाला. जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या रोजनिश्या बारकाईने तपासून पंडितजींच्या उस्तादांविषयीच्या कठोर दृष्टीवर बोट ठेवले आहे. काही जुन्या मंडळींना ते रुचले नाही. मला मात्र आत्याच्या प्रसंगानंतर ते पटू लागले. उस्तादाला संस्कृत ग्रंथ विचारणे आणि आत्याला 'शिक्षा' विचारणे यात फरक तो काय? दोन्हीकडे उत्तर 'नाही'. आणि दोन्हीकडे त्या 'नाही'च्या पलीकडे आयुष्यभराची विद्या बसलेली.

दुसरी तऱ्हा विद्यार्थ्याची. येथे भातखंडे ग्रंथ विचारीत नाहीत. चीज म्हणा म्हणतात, ऐकतात, शिकतात, स्वरलिपीत उतरवून घेतात. आमच्या ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित, म्हणजे शंकरराव पंडितांचे बंधू, यांच्याकडून त्यांनी ग्वाल्हेरच्या चिजा अशाच मिळवल्या. रामपूर, जयपूर येथूनही मिळवल्या. 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग या दुसऱ्या तऱ्हेचे फळ आहेत, आणि आज कोणत्याही संगीतशिक्षकाचे त्यांच्यावाचून पान हलत नाही. माझेही नाही. ज्या उस्तादांना पहिल्या तऱ्हेने विचारले असता काही येत नव्हते, त्यांना दुसऱ्या तऱ्हेने विचारले असता सहा भाग भरले!

या विद्येचे ऋण फेडण्याचा मार्गही ग्वाल्हेरातच दिसला. माधवराव महाराजांनी काही निवडक गायकांना मुंबईस पाठवून भातखंड्यांची पद्धत शिकून येण्याची व्यवस्था केली. त्यांत राजाभय्या पूछवाले होते. १० जानेवारी १९१८ रोजी माधव संगीत विद्यालय उघडले, आणि ग्वाल्हेरातून गोळा झालेले गाणे लिपी चढवून पुन्हा ग्वाल्हेरातल्या मुलांच्या हाती आले. त्याआधी १९१४ पासून कृष्णराव शंकर पंडितांची शाळा लश्करात चालूच होती. लिपीवाल्यांचे आणि मुखपरंपरावाल्यांचे थोडेबहुत वाजत असे. पण त्या दोन्ही प्रवाहांचे पाणी आपण प्यालो आहोत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढच्या काळात आपल्या मराठीत हे काम फार गोड रीतीने केले ते प्रा. बी. आर. देवधरांनी. त्यांचे 'थोर संगीतकार' ज्यांनी वाचले असेल त्यांना आठवेल, देवधर प्रश्नावली घेऊन कोणाकडे गेलेले दिसत नाहीत. ते गवयाच्या संगतीत राहतात, त्याचे गाणे ऐकतात, आणि माणूस आपणहून बोलू लागेपर्यंत थांबतात. परदेशांतल्या पंडितांनाही हे उशिरा का होईना कळले. अमेरिकेतले मँटल हूड यांनी १९६० साली असे मांडले की, ज्या समाजाच्या संगीताचा अभ्यास करावयाचा, ते संगीत अभ्यासकाने स्वतः हात घालून शिकले पाहिजे. दोन भाषा याव्यात तशी दोन संगीते आली पाहिजेत. डॅनियल न्यूमन दिल्लीतल्या वादकांचा अभ्यास करावयास आले, तेव्हा साबरी खाँ यांच्यापुढे सारंगी घेऊन बसले. त्यातूनच त्यांचे १९८० चे पुस्तक झाले. शिष्य होऊन बसलेल्या माणसाला जे दिसते, ते पाहुणा होऊन बसलेल्याला दिसत नाही, हे आपल्याकडे कोणीही सांगितले असते. पण सांगणे वेगळे आणि ती रीत म्हणून पाळणे वेगळे.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

मेथीच्या त्या सकाळनंतर मी रोज थोडा वेळ आत्याजवळ बसू लागलो. मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवीत असे. विचारीत काहीच नसे. कधी एखादी अस्ताई अर्धवट गुणगुणावी आणि मुद्दाम चुकावे. ती लगेच सुधारी. अशा तीन चिजा पुऱ्या मिळाल्या. एक तराणा अर्धा मिळाला. त्याचा अंतरा तिला आठवेना. मधूनच ती सांगे, दादाला ही चीज आठ दिवस येत नव्हती, मला तिसऱ्या दिवशी आली होती. पण सांगणार कोणाला?

पुढच्या वर्षी दिवाळीत प्रबंधाची प्रत घरी आली. काम कष्टाचे होते, नोंदी व्यवस्थित होत्या, आभारात आमचीही आठवण होती. आणि एका पानावर ते वाक्य होते. या कुटुंबात स्त्रियांना संगीताचे शिक्षण मिळत नसे, असा त्याचा भावार्थ. खाली आधार म्हणून आत्याची मुलाखत आणि माझा दुजोरा.

मी ते आत्याला वाचून दाखवले. म्हटले, "मी त्या मुलीला कळवतो. हे बदलायला हवं."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "राहू दे. अण्णांना लोक म्हणतील, मुलीला शिकवलं नाही. दादाला म्हणतील, बहिणीला शेजारी बसवलं नाही. लिहिलं ते लिहिलं."

तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. त्या दिवशीचे 'नहीं' हे नुसते भाषेमुळे नव्हते. ते तिने जाणूनबुजून घराभोवती ओढलेले पांघरूणही होते. विचारणाऱ्याने कितीही चांगल्या मराठीत विचारले असते, तरी ते पांघरूण तिने परक्यासमोर काढले असते असे मला वाटत नाही. आणि ते तिच्याकडून ओढून घेण्याचा हक्क कोणाला होता? मला तरी होता काय?

मी कळवले नाही. गेल्या आषाढात आत्या गेली.

आज मी हे लिहितो आहे ते तिचे 'राहू दे' मोडून, हे मला ठाऊक आहे. पुष्कळ दिवस मनाशी झगडलो. शेवटी असे वाटले की, तिला जपावयाची होती ती अण्णांची आणि दादाची अब्रू. ते दोघे तिच्याही आधी गेले, आणि त्यांचे गाणे त्यांच्या अब्रूला पुरेसे आहे. उलट प्रबंधातले ते वाक्य राहील. उद्या दुसरा कोणी ते उतरवून घेईल, तिसरा त्याचा आधार देईल, आणि पन्नास वर्षांनी एखादी मुलगी खरोखरच समजेल की, आमच्या माजघरांत गाणे नव्हते. होते. तीन चिजा आणि अर्धा तराणा एवढा पुरावा माझ्यापाशी आहे. वडिलांवर दोष येत असेल तर तो मुलाने सांगितलेला बरा.

त्या विद्यार्थिनीला मी फोन केला. प्रबंध मान्य झाल्यामुळे आता त्यात फेरफार होणार नाही. पुस्तक निघाले तर टीप घालीन, असे ती म्हणाली. तिने रागही मानला नाही, सबबही सांगितली नाही. उलट विचारले, "सर, मैं क्या पूछती तो वे बतातीं?" हा प्रश्न तिला सुचला, यातच तिचे मोठेपण आले. मी म्हटले, शिकलात का असे विचारण्याऐवजी, घरात तालीम चाले तेव्हा तुम्ही कोठे असायचात, असे विचारावयाचे होते. आणि लिहिताना तिचे मराठी शब्द मराठीतच ठेवून शेजारी हिंदी द्यावी. छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवावे. ती नको म्हणाली तर कारण समजून घ्यावे.

या पानाच्या वाचकांत जुनी घरे पुष्कळ आहेत. संशोधक येतील, येऊ द्यावे. राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत आणि कला विद्यापीठ २००८ पासून आपल्याच गावात आहे, तेव्हा ते येणारच. पण त्यांच्या प्रश्नावलीची वाट पाहत बसू नये. घरात ऐंशीच्या पुढची आत्या, मावशी, काकू असेल, तर तिच्याजवळ आपण बसावे. आपल्या बोलीत, ती काही करीत असताना. समजावून सांग म्हणू नये, म्हणून दाखव म्हणावे. मोबाईल आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत ठेवावे, आणि कोणाला ऐकवावे, कोणाला नाही, हे तिलाच विचारावे. मी हे विचारावयाचे राहून गेलो.

माझ्याकडे संध्याकाळी शिकावयास येणाऱ्या मुलींना मी हल्ली आत्याचा बिहाग देतो. परवा एकीने विचारले, ही चीज क्रमिकच्या कितव्या भागात आहे? मी सांगितले, ही आत्याकडची. तिने वहीत चिजेच्या डोक्यावर तसेच लिहून घेतले. तराण्याचा अंतरा कोणाच्या घरी असेल, तर मला तो हवा आहे.